कमिटीसमोर वर गेलेला हात

रुपालीचा अन् माहा रुजू व्हायचा दिवस एकच. एकाच ऑर्डरवर दोघींची नावं, एकच कॉलेज, एकच विभाग, रसायनशास्त्र. तेव्हा मले वाटलं होतं, चला बाप्पा, सोबतीण भेटली. माय वो, कायची सोबतीण! तेव्हापासून जे काही चांगलं होऊन राह्यलं ते तिचं, अन् जे उरलं ते माहं.

आमचं कॉलेज सरकारी, मोताळ्याच्या रस्त्यावरचं. आजूबाजूच्या खेड्यांतले पोट्टे-पोट्ट्या येतात. बाजाराच्या दिवशी अर्धं कॉलेज बाजारात असते, अन् कापूस वेचायच्या दिवसांत पोरी वावरात. त्यांच्यावर काय रागवावं? पण रुपालीचा तास असला की हेच पोट्टे वावरातून हातपाय धुवून येतात अन् जागा नाही म्हून खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. माह्या तासाले मागचे बाक रिकामे. मी म्हणते, ही वर्गात पेढे वाटते का काय? दाराआड उभं राहून ऐकलंही आहे मी. तेच अणू, तेच बंध, पुस्तकातलंच सगळं. फक्त ती मधातच थांबते अन् एखाद्याले विचारते, "तुले कुठी अटकलं, ते सांग." अन् पोट्टा सांगते. माह्या वर्गात कोणी अटकतच नाही. कोणी तोंडच उघडत नाही.

जळून बोलून राह्यली, असं तुम्हाले वाटत असंन. वाटू द्या. ज्याच्या पोटात दुखते तो ओवा मागते, अन् माह्या पोटात दुखते.

एकाच गोष्टीत मी तिच्याहून वरचढ होती. माहा ऋत्विक पुण्यात शिकते. बीएस्सीच, पहिल्या वर्षाले, पण कॉलेज कसं, काचेची इमारत, नाव घेतलं की लोक मान हलवतात. तिची अर्पिता आमच्याच कॉलेजात, दुसऱ्या वर्षाले, सकाळी आईच्या मागं स्कुटीवर बसून येणारी. स्टाफरूममध्ये डबे उघडले की मी मुद्दाम विषय काढत होती. "पुण्यात त बाई लॅबमध्येही एसी असते." रुपाली भाकरीचा तुकडा मोडत म्हणे, "छानच ना वो पुष्पा. शिकू दे पोट्ट्याले." तिले काही झोंबतच नसे. अन् तिले झोंबत नाही म्हून मले झोंबे.

आता मुद्द्याचं सांगते. आमचे प्राचार्य धम्मरत्न सर यंदा निवृत्त होणार होते. नवीन प्राचार्य यायचा म्हणजे सरकारी काम, तोवर चार्ज कॉलेजातल्याच कोणाले तरी द्यायचा होता. अन् तो आम्हा दोघींपैकीच एकीले. सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्यात डावं-उजवं करणं मले जमत नाही," ते म्हणाले. "राज्यातल्या सगळ्या सरकारी कॉलेजांचं मूल्यांकन होऊन राह्यलं. आपल्याकडंही कमिटी येते आहे. ती पाहून काय म्हणते त्यावरून मी नाव सुचवतो."

बस, मले तेवढंच पाह्यजे होतं. शिकवण्यात ती असंन पुढं, पण कमिटीपुढं मिरवणं हा काही शिकवण्याचा विषय नाही. मी त्याच दिवशी सगळं काम अंगावर घेतलं. निकालाचे तक्ते, माजी विद्यार्थ्यांचे फोटो, भिंतींना रंग, बागेत कुंड्या. नवरा म्हणे, घरी कधी येतं? मी म्हटलं, चार्ज भेटू द्या, मंग पाहू. रुपाली काय करत होती? तास घेत होती. कमिटी येते आहे अन् बाई तास घेऊन राह्यली! मनातल्या मनात मी म्हटलं, घे बाई घे, अजून दोन जास्तीचे घे.

सरांनी आम्हाले तयार करायले रामराव सरांना आणलं. हे निवृत्त प्राचार्य, अशा कमिट्या पचवलेले. आता कॉलेजाकॉलेजात जाऊन रंगीत तालीम घेतात. स्वतः कमिटी बनून खुर्चीवर बसतात, अन् आम्हाले प्रश्न विचारतात. त्यांचा एकच मंत्र. "कमिटीसमोर कोणी कोणाचं खोडायचं नाही. एकाच्या तोंडून काही निघालं की दुसऱ्यानं लगेच टेकू द्यायचा. तुम्ही एकमेकांकडं पाह्यलं की मेले. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आम्ही तसाच सराव केला. फिजिक्सचे जानराव सर तालमीत बोलता बोलता सांगून बसले की आपल्याकडं दुर्बीण आहे. दुर्बीण कुठली? मी लगेच टेकू दिला, "हाव सर, दर पौर्णिमेले आम्ही पोरांना आकाश दाखवतो." रामराव सरांनी कपाळाले हात लावला. "मॅडम, अमावस्या म्हणा. पौर्णिमेले चांदण्या दिसतात का?" सगळे हसले. पण टेकू बरोबर लागला म्हून त्यांनी माही पाठ थोपटली. रुपाली तालमीले होती, पण तिनं एकालेही टेकू दिला नाही. मागच्या बाकावर बसून पोरांच्या जर्नली तपासत होती. रामराव सरांना वाटलं असंन, भोळी आहे. मले वाटलं, शिष्ट आहे.

कमिटी आली. तिघं जण. अध्यक्षा डॉ. अन्नपूर्णाबाई, कोल्हापूरकडच्या, सुती साडी, हळू बोलणाऱ्या. नाश्त्याले मी खास मिरचीचा ठेचा अन् ज्वारीच्या वड्या ठेवल्या होत्या. त्यांनी दोन घेतल्या अन् डोळ्यातून पाणी काढत हसल्या. मले वाटलं, सुरुवात झ्याक झाली. मंग मी पुढं अन् कमिटी मागं. "ही बाग, मॅडम. ही कल्पना माही. हा फलक, हाही मीच लावला." त्या "हं, हं" म्हणत चालल्या. अन् प्रयोगशाळेच्या दाराशी थांबल्या त थांबल्याच.

आत रुपालीचं प्रॅक्टिकल चालू होतं. तिले कमिटी दिसली, तिनं मान हलवली अन् पुन्हा पोरांकडं वळली. एका पोट्टीचं द्रावण रंग बदलायले तयार नव्हतं. "काय झालं असंन?" रुपालीनं साऱ्यांना विचारलं. मंग जो गलका उठला! एक म्हणे नळी धुतली नाही, एक म्हणे थेंब जास्त पडला, एक म्हणे बाटलीवरचं नाव पाह्य. सगळे एकमेकांच्या अंगावर पडून राह्यले होते. मले वाटलं, आता शिस्त नाही म्हून अध्यक्षा नोंद करतील. अन्नपूर्णाबाई त स्टूल ओढून बसल्या. तास संपेतो हलल्या नाहीत. मी दारात उभी राहून पाय बदलत होती. माह्या बागेले त्यांनी जेवढा वेळ दिला तेवढ्यात गाय दोन घास खाते.

दुपारी सगळ्या शिक्षकांची बैठक, हॉलमध्ये. कमिटी समोर टेबलाशी, आम्ही खुर्च्यांवर ओळीनं. धम्मरत्न सर बाजूले. मी पुढच्या ओळीत, रुपाली माह्या मागं. प्रश्न सुरू झाले, अन् टेकूही सुरू झाले. झ्याक चाललं होतं. जानराव सरांनी दुर्बिणीचं नाव काढलं नाही, एवढी देवाची कृपा.

मंग अन्नपूर्णाबाईंनी पुढ्यातले कागद मिटले. "आकडे मी वाचले," त्या म्हणाल्या. "आकडे सगळीकडे चांगलेच असतात. मी प्रत्येक कॉलेजात एक प्रश्न मात्र विचारतेच. तुमच्यापैकी कोणाकोणाची स्वतःची मुलं या कॉलेजात शिकतात? हात वर करा."

रामराव सरांनी हा प्रश्न शिकवला नव्हता. जानराव सरांची पोरगी अमरावतीले, ग्रंथपाल तानाबाईचा पोट्टा नागपूरले, बाकीच्यांचे कोणी संभाजीनगरले, कोणी कुठी. कोणाचंच इथी नाही. मागं बांगड्या वाजल्या. मी वळून पाह्यलं. रुपालीचा हात वर होता.

"वा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, अन् त्यांचा चेहरा असा खुलला, जसा सकाळपासून माह्या एकाही गोष्टीनं खुलला नव्हता. धम्मरत्न सरांनी रुपालीकडं पाह्यलं. ती नजर मले समजली. त्या नजरेत चार्ज होता. मी रंगवलेल्या भिंती, मी आणलेल्या कुंड्या, घरची जेवणं टाकून केलेलं सगळं त्या एका हातापुढं वाया गेलं. अंगाची नुसती आग झाली माह्या. ज्या गोष्टीवरून मी तिले वर्षभर हिणवलं, तीच गोष्ट घेऊन ही बाई पुढं चालली होती!

अन् माहा हात वर गेला.

खरं सांगते, मी नेला नाही. गेला. वर गेल्यावर मले दिसला.

"तुमचाही मुलगा इथेच?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"हाव मॅडम. ऋत्विक. पहिल्या वर्षाले."

सारं कॉलेज जाणत होतं की ऋत्विक पुण्यात आहे. मीच रोज डबा उघडून सांगितलेलं. आता कोणीतरी खोकलंन, कोणीतरी हसंन, असं मले वाटलं. पण रामराव सरांची तालीम अशी भिनली होती अंगात! जानराव सर ताठ बसले अन् म्हणाले, "भल्ला हुशार पोट्टा आहे मॅडम. माह्या फिजिक्सच्या तासाले पुढंच बसते." तानाबाई म्हणाली, "लायब्ररीतून त त्याले हाकलावं लागते." एनएसएसवाल्या सरांनी त्याले शिबिरात झाडंही लावायले लावली. एकावर एक टेकू. माह्या पोट्ट्यानं बसल्या जागी सारं कॉलेज गाजवलं. धम्मरत्न सर चष्मा पुसत राह्यले, पुसत राह्यले. रुपालीनं मात्र खोडलंही नाही अन् टेकूही दिला नाही.

"छान," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "दोघांनाही बोलवा. मला भेटायचंय."

अर्पिता आली. ॲप्रनवर डाग, केस विस्कटलेले, हात पुसत पुसत. अध्यक्षांनी तिले बाजूले खुर्ची दिली. मंग माह्याकडं पाह्यलं.

"तो आज नाही आला मॅडम," मी म्हटलं. "संग्रामपूरले गेला, मामाकडं."

"हरकत नाही. फोन लावा. स्पीकरवर ठेवा, सगळे ऐकू."

मी पर्समधून फोन काढला. मनात म्हटलं, दुपारची वेळ आहे, तासाले बसला असंन, तो कधी उचलते माहा फोन? दहा वेळा लावा तेव्हा रात्री एकदा "काय वो आई" म्हणते. लावते, वाजू देते, रेंज नाही म्हणते. फोन टेबलावर ठेवला अन् लावला. एकदा वाजला नाही तोच उचलला त्यानं.

"आई? काय झालं? आज त तुही कमिटी होती ना? सगळं बरं आहे ना?"

काळजीनं उचलला पोट्ट्यानं. त्याच दिवशी काळजी करायची होती त्याले!

"मीच कमिटी," अन्नपूर्णाबाई फोनवर वाकून म्हणाल्या. "ऋत्विक, तुझ्या कॉलेजबद्दल थोडं सांगशील? कसं शिकवतात?"

"कोणतं? पुण्याचं?"

जानराव सर छताकडं पाहायले लागले. तानाबाईनं पदर तोंडाले लावला. आता एकानंही टेकू दिला नाही. अन्नपूर्णाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या त बरं झालं असतं.

"म्हणजे तू पुण्यात शिकतोस. मग आईचं कॉलेज सोडून एवढ्या लांब का गेलास?"

"मी नाही गेलो मॅडम. आईनं पाठवलं." त्याच्या मागं गाड्यांचा आवाज येत होता. "मले त तिथीच शिकायचं होतं. रुपाली मावशीकडं."

मी फोनकडं हात नेला. अन्नपूर्णाबाईंनी नुसतं माह्याकडं पाह्यलं, अन् मी हात मांडीवर ठेवला.

"बारावीले मले केमिस्ट्री समजतच नव्हती," ऋत्विक सांगत होता. "आई रोज शिकवे. मी हो हो म्हणो, नाहीतर ती चिडे. एका संध्याकाळी मावशी घरी आली होती. ओट्यावर बसल्या बसल्या तिनं मले सांगितलं अन् समजलं. एवढा खूश झालो मी! आई दारातून पाहून राह्यली होती. मंग दुसऱ्याच दिवशी पुण्याचं ठरलं." तो थांबला. "आई, तू आहे ना तिथी? मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही," मी म्हटलं. "ठेव."

अन्नपूर्णाबाई माह्याकडं वळल्या. "का नाही शिकू दिलंत त्याला इथं? कॉलेज वाईट आहे म्हणून?"

हाव म्हटलं असतं त कॉलेज बुडलं असतं. नाही म्हटलं असतं त कारण सांगावं लागलं असतं. होस्टेल, स्पर्धा परीक्षा, नवऱ्याची इच्छा, दहा खोट्या गोष्टी तोंडापाशी आल्या. पण मागं रुपाली बसली होती, तिचा श्वास मले ऐकू येत होता, अन् माहा इतक्या वर्षांचा जळफळाट एकदम वर आला.

"कॉलेज वाईट नाही मॅडम," मी म्हटलं. "ही चांगली आहे, म्हून. वर्गातला एकेक पोट्टा हिचा होते. मी तेच शिकवते, त्याच पुस्तकातून शिकवते, घसा कोरडा होतो माहा, अन् पोट्टे हिचे होतात. त्या दिवशी ओट्यावर माह्या पोट्ट्याचं तोंड पाह्यलं मी. माह्यासमोर असं तोंड त्यानं कधी केलं नाही. तो इथी शिकला असता त हिचाच झाला असता. घरातला एक त माहा राहू द्या!"

रडू येऊन राह्यलं होतं, रागानं. मागून रुपालीनं पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही. चांगुलपणातही हिलेच पहिला नंबर पाह्यजे.

अन्नपूर्णाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही खोटं बोललात, ते मी लिहिणार आहे."

"लिहा."

"आणि हेही लिहिणार आहे. स्तुती मी रोज ऐकते, सगळी पाठ केलेली असते. जळून केलेली पहिल्यांदा ऐकली. ती खोटी असू शकत नाही."

कॉलेजाले चांगली श्रेणी भेटली. रसायनशास्त्राचं खास कौतुक, रुपालीचं नाव घेऊन. कमिटी गेल्यावर धम्मरत्न सरांनी मले केबिनमध्ये बोलावलं. मले वाटलं, झापतील. ते चहा पाजत म्हणाले, "मॅडम, मले निवडणं जमत नव्हतं. तुम्हीच सोपं केलं." अन् सर निवृत्त झाले तसा चार्ज रुपालीले गेला. माह्या तोंडानं गेला! दुसऱ्या कोणी बोललं असतं त मी त्याले वर्षभर शिव्या दिल्या असत्या. आता देऊ कोणाले?

ऋत्विकचा फोन आला आठवड्यानं. जानराव सरांच्या पोरीकडून त्याले सारं समजलं होतं. मले वाटलं, चिडला असंन. पण तो म्हणाला, "आई, दुसऱ्या वर्षाले मी तिकडं येऊ का?" मी म्हटलं, पुणं आवडत नाही का? म्हणे, "आवडते. पण मले शिकायचं आहे." अन् हळूच म्हणाला, "मावशीले तू विचारशीन?"

विचारायले गेली मी. केबिनच्या दारावर आता तिचं नाव. रुपाली खुर्चीवर होती, समोर कागदांचा ढीग, डोळे लाल, दोन फोन वाजून राह्यलेले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माहा पोट्टा येतो म्हणते. तुह्या वर्गात घे त्याले." एवढं बोलायले मले किती लागलं, ते माहं मले माहीत.

तिनं फोन बाजूले ठेवला. "वर्ग कुठी राह्यला वो पुष्पा माह्याकडं? सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, आठवड्यातून दोनदा अमरावतीले ऑफिसात. नवीन टाइमटेबल पाह्यलं नाही का? दुसऱ्या वर्षाची केमिस्ट्री तुह्याकडं लावली. सगळेच तास." ती खिडकीतून लॅबकडं पाहत होती. "तुले म्हून सांगते, सकाळी तू तिकडं जाताना दिसतं ना, मले तुहा लय हेवा वाटते."

हेवा म्हणे! माहा! आयुष्यभर मले हेच एक वाक्य तिच्या तोंडून ऐकायचं होतं, अन् ऐकलं तेव्हा मी भिंतीवरचं टाइमटेबल वाचून राह्यली होती. पोट्टा पुण्याचं सगळं सोडून रुपालीसाठी येऊन राह्यला होता, अन् वर्गात त्याच्यापुढं खडू घेऊन उभी राहणार होती मी.

त्याले मी एवढंच सांगितलं, मावशी हो म्हणाली. त्यानं पुण्याहून दाखला काढून घेतला. सोमवारी येते तो. टाइमटेबलचं मी त्याले अजून सांगितलं नाही.